‘श्वास’: आधी सांगितलं, मग दाखवलं

‘श्वास’ पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्याला आजोबांनी नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेलं ते पहिल्यांदा आठवतं. दृष्टी जायच्या आधी एकदा पोराला जग दाखवून आणलं, या एका गोष्टीवर लोक इतकी वर्षं डोळे पुसत आलेत. मीही पुसले. पण आता हा चित्रपट एका अंध मुलाशेजारी बसून, त्याला पडद्यावरचं सांगत सांगत पाहिल्यावर मला ठामपणे वाटतं, की त्या भटकंतीच्या आधीचा प्रसंग जास्त मोठा आहे. त्या नातवाला, परशाला, त्याचे डोळे जाणार आहेत हे सांगितलं जातं, तो. तो प्रसंग नसता तर भटकंती ही फसवणूक ठरली असती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. संदीप सावंत यांचा हा पहिला चित्रपट, २००४ सालचा, माधवी घारपुरे यांच्या कथेवरून केलेला. कोकणातल्या एका खेड्यातून आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला शहरात आणतात. डॉक्टर तपासतात आणि दृष्टिपटलाचा कर्करोग निघतो. पोराचा जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि शस्त्रक्रिया केली की दृष्टी जाईल. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परशा, संदीप कुलकर्णी डॉक्टर साने आणि अमृता सुभाष रुग्णालयातली समाजसेविका आसावरी. ‘श्यामची आई’नंतर जवळपास ५० वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीत आलं ते याच्यामुळे. छोट्या अश्विनला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भारताकडून ऑस्करला पाठवायचं ठरलं तेव्हा तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली होती, हे माझ्या पिढीला नक्की आठवत असेल.

आजाराबद्दल इथेच सांगून टाकते, कारण लहान मूल घरात असलेल्या प्रत्येकाला हे माहीत हवं. हा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली लालसर दिसण्याऐवजी पांढरी चमकली, किंवा मूल अचानक तिरळं बघायला लागलं, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणत थांबू नये, लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. लवकर सापडलं तर आज औषधांनी आणि लेसरने डोळाही पुष्कळदा वाचवता येतो. परशाच्या बाबतीत ती वेळ निघून गेलेली आहे, आणि चित्रपट त्याबद्दल कुणालाही दोष देत बसत नाही. त्या आजोबांवर अडाणीपणाचा शिक्का मारणं सोपं होतं. सावंतांनी ते केलं नाही, हे मला फार आवडलं.

आता मी हा चित्रपट कसा पाहिला ते सांगते, म्हणजे माझं मत कुठून आलं ते कळेल. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवते, काही आवाजात भरून देते. पुण्यात कोथरूडला आमच्या घरी मुलं-मुली येतात. कुणी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतं, कुणी एम.ए.चा. या कामाचा एकच नियम आहे. कागदावर जे आहे तेच वाचायचं. छपाईची चूक असली तरी आधी चूक वाचायची, मग ‘इथे चूक दिसते’ असं वेगळं सांगायचं. परस्पर दुरुस्त करायचं नाही, कंटाळवाणा परिच्छेद गाळायचा नाही. ऐकणाऱ्याकडे पडताळून पाहायचा दुसरा मार्ग नसतो, म्हणून वाचणाऱ्याच्या अंगावर ही जबाबदारी येते.

यातल्या एका तरुणाने मला सिनेमाची गोडी नव्याने लावली. तो कोरेगाव पार्कातल्या अंधशाळेत शिकला, आता नोकरी करतो आणि वनाजला मेट्रोने उतरून पांढरी काठी घेऊन एकटा आमच्याकडे येतो. संवाद त्याला ऐकू येतातच. मी फक्त मधल्या जागा भरायच्या. सुरुवातीलाच त्याने मला शिस्त लावली. ‘काकू, आजोबा दुःखी दिसतायत असं नका सांगू. काय दिसतंय ते सांगा, दुःख माझं मी ओळखतो.’ तेव्हापासून मी ओठ मिटलेत, नजर जमिनीकडे आहे, हात पोराच्या डोक्यावर जाऊन परत मागे आलाय, असं सांगायला शिकले. संवादावर बोलायचं नाही, दृश्य बदललं की आधी ठिकाण सांगायचं, मग माणसं. मला वाटलं होतं हे सोपं असेल. चांगला नट समोर असला की फार अवघड असतं.

आणि अरुण नलावडे फारच चांगले नट आहेत. चित्रपटात या म्हाताऱ्या माणसाच्या मनात सतत दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक शहर, रुग्णालय, फॉर्म, रांगा, न कळणारे शब्द यांचं ओझं, आणि दुसरी, हे ओझं पोराला कळू द्यायचं नाही याची धडपड. नलावडे बोलण्याआधी थांबतात. त्या थांबण्यात चेहऱ्यावर काहीतरी येतं आणि लगेच आवरलं जातं. मी वर्णन करताना अडखळायचे, कारण जे आलं ते सांगेपर्यंत ते गेलेलं असायचं. तो म्हणाला, ‘राहू द्या काकू, आवाजात कळतंय.’ खरंच कळतं. मी मध्येच डोळे मिटून नुसतं ऐकलं. डॉक्टरांशी बोलताना आजोबांचा आवाज वेगळा, आसावरीशी वेगळा, आणि परशाशी बोलताना मुद्दाम मोकळा केलेला. त्या मुद्दाम मोकळ्या केलेल्या आवाजात खोटेपणा किती आणि माया किती, याचं प्रमाण चित्रपटभर बदलत जातं. डोळ्यांनी पाहताना माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. भास्कर चंदावरकरांचं संगीतही या आवाजांना जागा देतं, रडवायला धावून येत नाही.

आता तो सांगण्याचा प्रसंग. डॉक्टर साने यांचा आग्रह असतो, की शस्त्रक्रियेआधी मुलाला कळलं पाहिजे. पहिल्या वेळी पाहताना मला हा डॉक्टर कठोर वाटला होता. एवढ्याशा पोराला कशाला सांगायचं, झोपेत जाईल आणि उठेल तेव्हा आपण असू की जवळ, असंच माझ्यातल्या आईला वाटलं. आजोबांनाही तेच वाटत असतं. सांगायची वेळ आली की त्यांचा धीर सुटतो. आसावरी मध्ये उभी राहते, तिचीही जीभ जड होते. चित्रपट इथे घाई करत नाही. एक वाक्य बोलायला तीन मोठी माणसं किती वेळ घेतात ते तो आपल्याला सोसायला लावतो. आणि अश्विन चितळेचा परशा हा काही सिनेमातला शहाणा, मोठ्यांसारखं बोलणारा मुलगा नाही. तो हट्ट करतो, चिडतो, घाबरतो. मोठ्यांचं काहीतरी बिनसलंय हे त्याला आधीपासून कळलेलं असतं. घरात काही लपवलं जातंय हे मुलांना त्यातला तपशील कळायच्या कितीतरी आधी कळतं.

इथे माझ्या शेजारचा तरुण मला म्हणाला, ‘थांबवा जरा.’ मी डीव्हीडी थांबवली. त्याची दृष्टी आठव्या वर्षी गेली. गाव भोरकडचं. शहरातल्या एका रुग्णालयात त्याला आणलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, पट्टी काढली की दिसेल. पट्टी काढली. दिसलं नाही. मग ‘थोड्या दिवसांनी दिसेल’, मग ‘देवाच्या मनात असेल तेव्हा’. खरं काय ते त्याला कळलं शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी नातेवाइकाच्या बोलण्यातून, तेही ओझरतं. ‘दिसत नाही याचं मला तेव्हा एवढं काही वाटलं नाही काकू,’ तो म्हणाला. ‘पण नंतर आई म्हणायची, दूध गरम नाही, पी. मी बोट बुडवून बघायचो. आई म्हणायची, पायरी संपली. मी पाय चाचपायचो. तिचं काहीच खरं वाटायचं नाही मला.’ त्याच्या आईला मी ओळखते. सरळ, कष्टाळू बाई. तिने जे केलं ते माझ्यासारख्या सगळ्या आयांनी केलं असतं. तिला कुणी डॉक्टर साने भेटला नाही, एवढंच.

म्हणून मी म्हणते, की या चित्रपटात डॉक्टर कठोर नाही. या पोराला उद्यापासून आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांवर विसंबून पाऊल टाकायचंय, हे तिथे फक्त त्याला दिसतंय. पायरी आहे म्हटलं की पायरी असायला हवी. तो भरवसा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मोडला तर पुढे कशावर उभं राहायचं? दृष्टी घेण्याआधी खरं सांगणं ही त्या मुलाची पहिली शिदोरी आहे. कथा-पटकथेत हा आग्रह डॉक्टरच्या तोंडी घातलाय, आणि संदीप कुलकर्णींनी तो भाषण न करता, थकलेल्या, कामाने गांजलेल्या माणसासारखा मांडलाय. मला त्यांचं काम नलावड्यांच्या खालोखाल आवडलं.

सांगून झाल्यावर काय, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. आणि मग आजोबा पोराला घेऊन नाहीसे होतात.

लहान मुलाला इंजेक्शनला न्यायच्या आधी चॉकलेट देतात, बागेत जाऊ म्हणून दवाखान्यात नेतात. मोठं झाल्यावर ते चॉकलेट आठवतं तेव्हा त्याची चव वेगळीच लागते. परशाला काही माहीत नसताना आजोबांनी त्याला शहरभर फिरवलं असतं, हौस पुरवली असती, तर ही भटकंती तशीच झाली असती. पण परशाला माहीत आहे. आजोबांना माहीत आहे की त्याला माहीत आहे. त्या दोघांत आता लपवायला काही उरलेलं नाही, आणि म्हणून ते दोघं खरोखर मजा करू शकतात. चित्रपटात इतका वेळ मुद्दाम मोकळा केलेला तो आवाज पहिल्यांदा खरा मोकळा होतो. प्रसंगांचा हा क्रम लावणाऱ्याला मुलं कळतात.

या भागात माझं काम सगळ्यात जास्त होतं, कारण इथे दाखवणंच मुख्य आहे. मी भराभर सांगत होते, रंग, गर्दी, पोराचे डोळे कुठे फिरतायत. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘यातलं त्याला फारसं आठवणार नाही.’ मला धक्का बसला. त्याने शांतपणे सांगितलं, की आठ वर्षं पाहूनही त्याच्याकडे चित्रं थोडीच उरलीत, आणि ती कुणी मुद्दाम दाखवलेली नाहीत. घराच्या दाराची निळी कडी. बैलाच्या पाठीवरचा गोल डाग. आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या, पण आईचा चेहरा नाही. मग भटकंतीचा उपयोग काय, मी विचारलं. ‘आजोबा सगळ्यांच्या विरोधात जाऊन आपल्यासाठी पळून आले होते, हे आठवेल ना,’ तो म्हणाला.

याहून नेमकी समीक्षा मी या चित्रपटाची वाचलेली नाही. आपण डोळस लोक त्या प्रसंगाला शेवटचं दर्शन समजून रडतो, कारण दृष्टी जाणं ही आपली भीती आहे. परशाला त्या दिवशी मिळतं ते वेगळंच. एका माणसावर पूर्ण विसंबता येतं याचा त्याला अनुभव मिळतो, आणि तो अंधारातही तसाच टिकतो.

तक्रारी आहेत. मूल नाहीसं झाल्यावर रुग्णालयात जो गोंधळ उडतो, पत्रकार येतात, आरोप होतात, तो भाग मला उपरा वाटला. एवढा वेळ कुजबुजीत चाललेला चित्रपट अचानक मोठ्याने बोलायला लागतो. यंत्रणेवर टीका करायची होती हे समजतं, पण ती रांगा आणि कागदपत्रांच्या साध्या दृश्यांतून आधीच झालेली आहे. कोकणातल्या आठवणींची दृश्यं देखणी आहेत, पण एक-दोनदा ती हिरवाई आपल्याला हळहळ वाटावी म्हणूनच मध्ये येते असं वाटलं. आसावरीबद्दल अजून कळायला हवं होतं. अमृता सुभाष मिळालेल्या जागेत जीव ओतते, तिची चूक नाही. पण अशा कुटुंबाला रुग्णालयात वाट दाखवणारं, फॉर्म भरून देणारं, पैशांची सोय कुठून होईल ते सांगणारं हेच माणूस असतं, आणि मराठी चित्रपटात ते पुन्हा कधी एवढ्या ठळकपणे आल्याचं मला आठवत नाही.

माझी मोठी तक्रार शेवटाबद्दल आहे. शेवटी काळा चष्मा घातलेला परशा होडीतून गावी परततो. दृश्य सुंदर आहे आणि रडकं नाही, त्याबद्दल दिग्दर्शकाचे आभार. पण मी त्या मुलांबरोबर राहते, मला पुढचं दिसतं. त्या गावात त्याची शाळा कुठे? ब्रेलचे सहा टिंब त्याच्या बोटांना कोण शिकवणार? काठी धरायला, पाण्याच्या आवाजावरून काठ ओळखायला कोण शिकवणार? पुण्यात निदान सोय आहे, मुलांची शाळा कोरेगाव पार्कला, मुलींची कोथरूडला, राहण्यासकट. खेड्यातल्या परशाला घरापासून तोडल्याशिवाय शिक्षण मिळत नाही, आणि हा दुसरा वियोग पहिल्याइतकाच मोठा असतो. चित्रपटाने त्याची नुसती चाहूल दिली असती तरी मला पुरलं असतं. माझ्या शेजारचा मात्र इथे माझ्याशी सहमत झाला नाही. त्याचं म्हणणं, घरी परतला ना, तेवढं बास आहे, बाकीचं त्याचा तो बघेल.

चित्रपट पाहून झाल्यावर कुणाला अंध माणसाला मदत करावीशी वाटली, तर एक सांगते. कर्वे रस्त्यावर मी रोज बघते, लोक चांगल्या मनाने त्याचा दंड धरतात आणि ओढत पलीकडे नेतात. तसं करू नका. आधी विचारा. मग आपलं कोपर त्याच्या हाताला लावा, त्याला धरू द्या, आणि अर्धं पाऊल पुढे चाला. त्याने आपल्याला धरलं की कधी सोडायचं ते त्याच्या हातात राहतं. आपण धरलं की ते आपल्या हातात जातं. आजोबा परशाला हाताला धरून नेतात ते ठीक आहे, तो लहान आहे. विशीतल्या मुलाला तसं न्यायचं नसतं.

आणि आता ज्यांनी हा चित्रपट केला, किंवा ज्यांच्याकडे आज त्याचे हक्क आहेत, त्यांच्यासाठी. अंधत्वावरचा मराठीतला हा सगळ्यात महत्त्वाचा चित्रपट अंध माणसाला एकट्याने पूर्ण पाहता येत नाही, याची मला खंत आहे. शेजारी कुणीतरी काकू लागते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दृश्य माध्यमांत ध्वनिवर्णनाची, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते सांगणाऱ्या आवाजाची, सोय असावी असं स्पष्ट म्हणतो. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवर येण्याआधी ध्वनिवर्णन तयार करायला सांगितलं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हे सगळं नव्या चित्रपटांसाठी झालं. जुन्या चित्रपटांना कुणी सक्ती करणार नाही, तिथे आपणहूनच करावं लागेल. ‘श्वास’ला ते फार सोपं आहे. चित्रपट दोन तासांच्या आतला, पात्रं मोजकी, ठिकाणं थोडी, आणि अवघड जागी संवाद आपणहून थांबतात, त्यामुळे वर्णनाला जागा आयती मिळते. एक चांगला आवाज, एक ध्वनिमुद्रणाची खोली आणि थोडे दिवस एवढंच लागेल.

तोवर, घरी कुणी अंध असेल तर त्याच्याबरोबर बसून पाहा, मध्ये बोलायला लाजू नका. आठ-दहा वर्षांच्या मुलांना दाखवायला हरकत नाही, पण एकटं बसवून नको, ती प्रश्न विचारतील आणि उत्तरं खरी द्यावी लागतील. नुकतंच ज्यांच्या घरात असं काही निदान झालंय त्यांनी थोडं थांबावं. बाकी सगळ्यांनी पाहावा, आधी पाहिला असेल तर पुन्हा पाहावा.

मी सांगितलेलं वर्णन त्याच्या हट्टामुळे वहीत उतरवून ठेवलंय. कुठल्या संवादानंतर किती वेळ मिळतो, तिथे काय सांगायचं, हे सगळं त्यात आहे. दोन ठिकाणी माझं मत घुसलं होतं, ते त्याने खोडायला लावलं. ज्या कुणी ध्वनिवर्णन करायचं मनावर घेतील त्यांना ती वही मी आनंदाने देईन, आणि आवाज देणारं कुणी मिळालं नाही तर मीच वाचेन.